भाच्याचं कोटेशन: पहिल्या गेमिंग पीसीत पैसे कुठे घालायचे

कोल्हापूरच्या शाहूपुरीतला माझा भाचा बारावी झाला, इंजिनिअरिंगचा प्रवेश ठरला आणि त्याच आठवड्यात एक कागद घेऊन माझ्याकडे आला. "मामा, जरा बघा की हे. ६० हजारात सगळं बसतंय म्हणाले."

दुकानाच्या पॅडवर निळ्या पेनानं लिहिलेलं कोटेशन होतं ते. जसंच्या तसं उतरवतो: आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट विथ एसएमपीएस, २२ इंची मॉनिटर, कीबोर्ड-माउस फ्री.

वाचायला भरघोस आहे. पण या कागदावर एकाही पार्टचं पूर्ण नाव नाही. मी शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशिनांच्या मेंटेनन्सवर आहे. आमच्याकडे कोणी स्टोअरला "२५ मिलिमीटरचं बेअरिंग द्या" असं लिहून पाठवत नाही. ६२०५ चं भोक २५ मिलिमीटरचं असतं आणि ६३०५ चंही तेवढंच. बाहेरचा व्यास मात्र एकाचा ५२, दुसऱ्याचा ६२. चुकीचं आलं तर बसणारच नाही. कॉम्प्युटरचे पार्ट त्याहून फसवे, कारण चुकीचा पार्टही पुष्कळदा नीट बसतो, मशीन चालू होतं, आणि फसवणूक कळते ती गेम उघडल्यावर.

मी त्याला दुकानात फोन करून दोनच प्रश्न विचारायला सांगितले. आय सेव्हन कुठल्या पिढीचा? आणि कार्डाचं मॉडेल काय? उत्तरं आली: सेकंड जनरेशन, आणि जीटी ७३०. या दोन उत्तरांवर पुढे येतोच. त्याआधी त्याला मी एक उलटा प्रश्न केला, कारण पीसीची सुरुवात पार्टपासून होत नाही. तू खेळणार काय, आणि कुठल्या स्क्रीनवर?

तो व्हॅलोरंट खेळणार, काउंटर-स्ट्राइक २ खेळणार, जीटीए ५ मित्रांबरोबर. कॉलेजात कॅड, म्हणजे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, लागेल. स्क्रीन साधी फुल एचडी, म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. एकूण २० लाख ७३ हजार ६००. त्याच्या वरची स्क्रीन २५६० × १४४० ची. तिच्यात ठिपके ३६ लाख ८६ हजार ४००, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट काम. बजेट ६० हजार असेल तर फुल एचडीवरच थांबावं. पण ती १४४ हर्ट्झची घ्यावी, कारण ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो, आत मशीन २०० चित्रं तयार करत असलं तरी. ६० ला प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ ला ६.९. नेमबाजीच्या गेममध्ये हा फरक हाताला कळतो.

ही चित्रं, म्हणजे फ्रेम, तयार होतात कशा हे समजलं की कुठल्या पार्टवर खर्च करायचा हे बऱ्यापैकी आपोआप सुटतं. आमच्याकडच्या पोराला हे गुऱ्हाळावरून पटकन कळतं. चरक ऊस पिळतो, रस काहिलीत पडतो, काहिलीत आटून गूळ होतो. प्रोसेसर म्हणजे चरक. कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, कुठलं दार उघडं आहे, हा सगळा हिशेब तो दर फ्रेमला करतो आणि पुढे ढकलतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काहील. त्या हिशेबावरून २० लाख ठिपक्यांत रंग, उजेड, सावल्या भरायचं आटवणीचं काम तिथं होतं.

चरक मोठा आणला आणि काहील लहान, तर रस पडून राहतो. काहील भलीमोठी आणि चरक रडत चालला, तर चुलवाण उगाच पेटलेलं. याला लोक बॉटलनेक म्हणतात. आता यातली खरी मेख. प्रत्येक गेमचा रस सारखा नसतो. व्हॅलोरंटचं चित्र साधं, आटवायला फारसं काही नाही, म्हणून तिथं कस लागतो चरकाचा. मोठं शहर, पाऊस, आरशासारखे रस्ते असलेल्या गेममध्ये काहील आधी दमते. आणि स्क्रीनचे ठिपके वाढवले तर ओझं पडतं ते जवळपास सगळं काहिलीवर. यावरून घरच्या घरी एक तपासणी करता येते. गेमचं रिझोल्यूशन खाली आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. हलल्याच नाहीत तर प्रोसेसर अडवतोय.

आता ते आय सेव्हन. इंटेलच्या नावातला ३, ५, ७ हा आकडा त्याच पिढीतला मान सांगतो, दोन पिढ्यांमधला नाही. सेकंड जनरेशनचा आय७-२६०० बाजारात आला २०११ च्या जानेवारीत. ४ कोअर, म्हणजे हिशेब करणारे भाग, आणि ८ थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या कामांच्या ओळी. आय३-१२१००एफ आला २०२२ च्या जानेवारीत. त्यालाही ४ कोअर, ८ थ्रेड, पण ११ वर्षांची सुधारणा आत. आजच्या गेममध्ये हा आय थ्री त्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. म्हणून बघायचं ते मधल्या आडव्या रेघेनंतरचा आकडा. चार आकडी असेल तर पहिला आकडा पिढीचा, पाच आकडी असेल तर पहिले दोन. १२१०० म्हणजे बारावी पिढी.

आणखी एक अडचण आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इतका जुना प्रोसेसर बसत नाही. त्यात व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. २०११ च्या मदरबोर्डावर टीपीएम २.० कुठून येणार? ज्या गेमसाठी पोरगा पैसे साठवतोय, तोच त्या मशीनवर विंडोज ११ ला अडणार.

त्याच्यासाठी मी लिहिला एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००. ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॉट, सोबत कूलर येतो. पर्याय म्हणून वर सांगितलेला आय३, किंवा जमलं तर आय५-१२४००एफ. शेवटचं एफ अक्षर दिसलं की त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवायची सोय नाही, वेगळं कार्ड लागणारच. साध्या ५६०० लाही ती सोय नाही. उलट ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच असतं. ज्याच्याकडे आत्ता ६० नाही, ३५-४० हजारच आहेत, त्याला मी हाच रस्ता सांगतो: ५६००जी घे, व्हॅलोरंट खेळ, कार्ड दिवाळीला. भंगार कार्ड आज घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

भाच्यानं कुठेतरी ऐकलेलं, म्हणून विचारलं, "एएम४ जुनं झालं ना मामा? एएम५ घ्यायला पाहिजे." खरं आहे. ५६०० ज्यात बसतो ते एएम४ हे सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा, रायझनच्या सुरुवातीपासूनचं आहे आणि आता त्याचा शेवट जवळ आलाय. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर पुढचे प्रोसेसर बसत राहतील, पण तिथं रॅम नव्या प्रकारची, डीडीआर५च लागते आणि बोर्डही महाग. ६० हजारात एएम५ बसवायचं तर कार्डातून पैसे काढावे लागतात. पाच वर्षांनी करायच्या अपग्रेडसाठी आज लहान काहील घ्यायची, हे मला पटत नाही. बजेट ८०-९० चं असतं तर मीही रायझन ५ ७६०० लिहिला असता.

आता ते "४ जीबी ग्राफिक्स कार्ड". कोटेशनमधली सगळ्यात फसवी ओळ हीच. जीबी हा कार्डाच्या कोठाराचा आकार आहे, ताकदीचा नाही. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड, त्यात ४ जीबीची डीडीआर३ मेमरी लावून विकतात. त्या कोठारातून सेकंदाला माल निघतो साधारण १४ जीबी. आरएक्स ६६०० या गेमिंगच्या कार्डाच्या कोठारातून निघतो २२४ जीबी. कोठार केवढंही असू दे, दार खिडकीएवढं असेल तर काहीलीजवळ माल पोचणार कसा? आणि आत हिशेब करणारे कोअर पण बरेच कमी. जीटी ७३० दोन स्क्रीन जोडायला ठीक, गेमिंगला नाही.

एकाच नावात दोन वेगळी कार्डं हाही प्रकार आहे, माझ्या बेअरिंगसारखाच. आरटीएक्स ३०५० आठ जीबीचं वेगळं आणि सहा जीबीचं वेगळं. फरक फक्त दोन जीबीचा वाटतो, पण सहावाल्यात कोअर २५६० ऐवजी २३०४ आणि मेमरीचा रस्ता १२८ बिटऐवजी ९६ बिट. सेकंडहँड बाजारात आरएक्स ५८० च्या नावानं '२०४८ एसपी', म्हणजे २०४८ कोअर, असलेलं कार्ड मिळतं. खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात. जीटी १०३० सुद्धा डीडीआर४ आणि जीडीडीआर५ अशा दोन प्रकारांत निघालं आणि डीडीआर४ वालं पार मंद आहे. म्हणून बिलावर पूर्ण मॉडेल पाहिजे, मेमरीच्या प्रकारासह.

भाच्याच्या यादीत मी आरएक्स ६६०० टाकलं. ८ जीबी, १३२ वॉट, फुल एचडीला पुरेसं. थोडे पैसे वाढले तर आरएक्स ७६००, आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मिळतात, पण त्याला नवा प्रोसेसर आणि बोर्डात 'रिसायझेबल बार' ही सेटिंग चालू पाहिजे, नाहीतर वेग पडतो. मॉनिटर धरून जे एकूण बजेट आहे, त्याचा साधारण तिसरा हिस्सा कार्डाला द्यावा असा माझा हिशेब. गेमिंगसाठीच पीसी घेत असाल तर याच्या खाली जाऊ नका. वाटा सांगतोय, भाव नाही, कारण भाव आठवड्याला हलतात.

रॅमचे तर फारच हललेत. २०२५ च्या शेवटाकडे एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की साध्या गिऱ्हाइकाची रॅमही महाग झाली. तरी १६ जीबीच्या खाली उतरू नये. ते १६ एका पट्टीत नको, ८ च्या दोन पट्ट्या घ्या. एक पट्टी म्हणजे एकच रस्ता. डीडीआर४ ३२०० ला सेकंदाला २५.६ जीबी. दोन लावल्या की ५१.२. चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, पण बोर्डाचं पुस्तक उघडून एकदा बघाच. आणि मशीन झाल्यावर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी चालू करा. रॅमला छापील वेगावर चालवते ती हीच सोय. नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वर निवांत चालत राहते, वर्षानुवर्षं, आणि कोणाला पत्ता नसतो.

हार्डडिस्क खोडली. विंडोज आणि गेम एसएसडीवरच, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर. जुन्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास वाचते, नव्या एनव्हीएमई जोडणीची (जेन ३) ३५०० पर्यंत. गेम उघडायला या दोन्हींत डोळ्यांत भरण्यासारखा फरक पडत नाही, पण हार्डडिस्कच्या पुढे दोन्ही फार पुढे आहेत. ५०० जीबी आत्ता, दुसरी पुढे.

बोर्डाला जास्त शब्द घालत नाही. ५६०० ला बी५५० चिपसेटचा बोर्ड चांगला, ए५२० चालतो. जुना बी४५० कोणी स्वस्तात देत असेल तर बायोस अपडेट करून घ्या, नाहीतर प्रोसेसर ओळखणारच नाही. आरजीबीचे दिवे बघून बोर्ड निवडू नये.

आता ज्या ओळीनं मी खरा अस्वस्थ झालो ती: "कॅबिनेट विथ एसएमपीएस". २०२१ च्या पावसाळ्यात माझ्या घरच्या मशीनचा असाच फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा, गेला. एक बारीक 'टक' आवाज, जळका वास, आणि जाताना तो बोर्ड घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी तो खोलला. वर मोठ्या अक्षरात ५०० वॉट. बाजूच्या स्टिकरवरचा तक्ता वाचला तर +१२ व्होल्टच्या रकान्यात १६ ॲम्पियर. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जगतात ते याच १२ व्होल्टवर. उरलेले ३०० वॉट कुठल्या रकान्यात होते ते त्या स्टिकरलाच माहीत. हातात धरल्यावर तो डबा हलका लागला होता, तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता. रोज पॅनेल उघडणारा माणूस मी, आणि घरच्या मशीनचं स्टिकर वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून कोणाचाही एसएमपीएस हातात आला की आधी तो तक्ता वाचतो.

तुम्हीही वाचा. चांगल्या ५५० वॉटच्या युनिटवर १२ व्होल्टला ४५ ॲम्पियरच्या आसपास लिहिलेलं दिसेल, म्हणजे ५४० वॉट. जवळपास सगळी ताकद कामाच्या ठिकाणी. भाच्याचं मशीन खाणार किती? कार्ड १३२, प्रोसेसर ६५-७५, बोर्ड, रॅम, पंखे मिळून ५० धरा. २६० च्या आत. मग ५५० कशाला? कार्ड क्षणभरासाठी छापलेल्या आकड्याच्या बरंच वर उडी मारतं, उन्हाळ्यात आतली हवा गरम असते, युनिट वर्षागणिक म्हातारं होतं, आणि उद्या मोठं कार्ड येईल. निम्म्या भारावर चालणारं युनिट थंड राहतं आणि आवाज कमी करतं.

'८० प्लस ब्रॉन्झ' हा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. २०, ५० आणि १०० टक्के भाराला किमान ८२, ८५ आणि ८२ टक्के कार्यक्षमता. शिक्का असलेला बरा, पण आतले कपॅसिटर किती दिवस टिकतील, शॉर्ट झाल्यावर युनिट स्वतःला बंद करेल का, हे तो सांगत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षं बघतो मी. ज्या कंपनीला पाच वर्षांचा विश्वास आहे तिच्यावर माझाही बसतो. बजेट कमी पडलं तर आरजीबी काढा, कॅबिनेट साधं घ्या, एसएसडी लहान घ्या. एसएमपीएसमधून कापू नका.

विजेचा विषय निघालाच आहे तर अर्थिंग. शाहूपुरीच्या त्या घरात जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. ताई म्हणते, "त्याला सवय झालीय." सवय व्हायची गोष्ट नाही ही. एसएमपीएसच्या आत विजेतला कचरा गाळायला लहान कपॅसिटर असतात आणि ते पत्र्याला, पत्र्यातून अर्थिंगला जोडलेले असतात. अर्थिंग तुटलेलं असेल तर पत्रा २३० च्या निम्म्या व्होल्टवर तरंगत राहतो. करंट किरकोळ असतो म्हणून नुसत्या मुंग्या. पण आत काही शॉर्ट झालं तर तो करंट जायला वाटच राहिलेली नसते, तुमच्या हाताशिवाय. थ्री पिनला टू पिनचा कन्व्हर्टर लावून गेमिंग मशीन चालवू नका.

यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट वेगळे, हे लक्षात ठेवा. छोट्या यूपीएसवर ६०० व्हीए असतं, पण वॉट पुष्कळदा ३६०च. भाच्याचं मशीन आणि मॉनिटर मिळून त्याच्या काठावर येतात. गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळाला तरी पुरे.

कॅबिनेटला समोर जाळी पाहिजे. अख्खी काच लावलेलं सुंदर दिसतं, पण पंखे हवा घेणार कुठून? पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढं बास. आमच्याकडच्या पावसाळ्यात धूळ ओलसर होऊन चिकटते, म्हणून जून-जुलैत मशीन आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये आणि जमिनीवर ठेवू नये. २०१९ ला ताईच्या गल्लीत पुराचं पाणी आलं होतं, त्यामुळे ती आता मिक्सरसुद्धा माळ्याखालच्या फळीवर ठेवते. तिला हे समजावायला लागलं नाही.

खरेदी ऑनलाइन की दुकानात? मी दोन्हीकडे भाव काढतो आणि फरक थोडा असेल तर गावातल्या दुकानातून घेतो. नो डिस्प्ले आला तर दुकानदार दुसरी रॅम लावून दहा मिनिटांत सांगतो. कुरिअरनं पार्ट पाठवत बसलं तर महिना जातो. मात्र बिल पक्कं घ्या, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर त्यावर लिहून. "बिल नको असेल तर जीएसटी वाचेल" असं कोणी म्हणालं तर वाचतात १८ टक्के आणि जाते वॉरंटी. परदेशातून कोणी आणलेलं कार्ड स्वस्त मिळालं तर भारतात वॉरंटी लागू आहे का, हे आधी सीरियल नंबर देऊन विचारा.

सेकंडहँड कार्ड घ्यायला माझी ना नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग (कार्ड रात्रंदिवस चालवून चलन मिळवणं) बंद झालं आणि तेव्हा ढिगानं कार्डं बाजारात आली, काही अजून फिरतायत. घेताना समोर अर्धा तास जड गेम किंवा स्ट्रेस टेस्ट चालवून बघा, जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि कोअरचा आकडा जुळवा, पंखा हातानं फिरवून घरघरतो का ते बघा. विकणारा चालवून दाखवत नसेल तर उठून या. सेकंडहँड एसएमपीएस मात्र कोणाचाच नको.

जोडणी तो स्वतः करणार आहे, मी शेजारी बसणार. एएम४ च्या प्रोसेसरला खाली पिना असतात, त्या बोटानं दाबून बसवायच्या नसतात. लिव्हर वर, त्रिकोणाला त्रिकोण, आणि प्रोसेसर आपल्या वजनानं खाली. मॉनिटरची केबल बोर्डाला नाही, कार्डाला. ही चूक अगदी जाणते लोक करतात आणि मग ५६०० वर स्क्रीन काळी बघून बोर्ड बदलायला निघतात. विंडोज झाल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ स्वतः निवडायला लागतं, नाहीतर ते बहुतेक वेळा ६० वरच राहतं.

जुन्या कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूला आता नवी यादी आहे: रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, ८ च्या दोन पट्ट्या डीडीआर४ ३२००, आरएक्स ६६०० आठ जीबी, ५०० जीबी एनव्हीएमई, ५५० वॉट ब्रॉन्झ, जाळीचं कॅबिनेट, फुल एचडी १४४ हर्ट्झ. रॅमच्या भावानं हिशेब बाहेर गेला तर ए५२० बोर्ड, असं समासात लिहिलंय. शनिवारी तो दुकानात जाणार आहे. शुक्रवारी संध्याकाळी वायरमन येतोय, त्याच्या खोलीतल्या सॉकेटचं अर्थिंग तपासायला.